मंदाचा कडक ब्रश

ऑफिसात बसणाऱ्यांना किस्सा मिळायला वाट बघावी लागत असेल. आम्ही तिघी लोकांच्या खिडक्या पुसतो, आमच्याकडे किस्से धुळीसारखे जमतात. पुसले की परत हजर!

तिघी म्हणजे मी, रेखा आणि मंदा. राहायला अंधेरीत, कामं बहुतेक पार्ल्यातल्या जुन्या घरांत. तिथे खिडकीला एक मोठी काच नसते. पंजाएवढी छोटी छोटी तावदानं, मध्ये लाकडी पट्ट्या. प्रत्येकाला चार कोपरे, आणि सगळी घाण मेली कोपऱ्यातच! म्हणून आमचं अर्धं डोकं ब्रश शोधण्यात जातं.

*

रेखा आधी मरोळच्या एका काचेच्या ऑफिसात होती. पहिल्या दिवशी आली ती हातभर वायपर घेऊन. मी म्हटलं, "अगं, हा इथे कसा चालेल?"

"बघच तू!" म्हणाली आणि फिरवला वरून खाली. पट्ट्यांवरून खड-खड-खड-खड! आत झोपलेले आजोबा बनियनवर बाहेर, एका हातात पासबुक, दुसऱ्या हातात कवळी.

आम्हालाच बजावतायत, "लिफ्टने जायचं नाही हां, भूकंपात!"

तो वायपर आता रेखाच्या माळ्यावर असतो.

*

टूथब्रशची मान गॅसवर धरून वाकवली की तो कोपऱ्यात झकास शिरतो. रेखाने एका घरी असा नवाकोरा ब्रश वाकवला आणि गार व्हायला बेसिनवर ठेवला. परत येते तर घरातले काका त्यानेच दात घासतायत!

काका चूळ भरून म्हणाले, "सूनबाईने आणला वाटतं. पार मागच्या दाढेपर्यंत जातो हो!"

नवा होता, एवढंच नशीब. निघताना सूनबाई हळूच म्हणाल्या, "अजून एक वाकवून द्याल? सासूबाई पण मागतायत."

*

नाजूक रंगीत काचांना मी दाढीचा ब्रश वापरते. दुकानात गालावर फिरवून बघते, टोचला की परत. एकदा दुकानदार वैतागला.

"मिस्टरांसाठी ना? मग त्यांनाच पाठवा!"

"खिडकीसाठी पाहिजे."

"आणि मिस्टर?"

"ते दाढी ठेवतात."

*

मंदा कुडाळची. तिचं माझं भांडण एकाच गोष्टीवरून. मला मऊ ब्रश लागतो, तिला कडक. पेंटरचा जुना ब्रश घेऊन सुरीने त्याचे केस आखूड कापते, पार ताठ करून टाकते. मला म्हणते, "काय गो, काचेक गुदगुल्यो करतंस?"

मध्ये सुट्या कामांवर तिचं भागेना. तेवढ्यात आम्हा तिघींना एका हॉलचं वर्षभराचं काम यायची चिन्हं दिसली. ते नाही मिळालं तर ती खोली सोडून भावाकडे कुडाळला जाणार, कायमची. बॅगसुद्धा भरून ठेवली होती बाईने! मी भांडते खरी, पण मंदाशिवाय मला करमत नाही.

ट्रायल म्हणून एक खिडकी पुसायची होती, तिघी गेलो. हॉलचे सेक्रेटरी भारी कडक. काचेला बोट लावलेलं खपत नाही, ठसे पडतात म्हणून. स्वतःसुद्धा हात मागे बांधूनच फिरतात.

मी म्हटलं, "मंदे, आज तरी मऊ घे. काच धरून ठेवणारी पुट्टी जुनी आहे, सुटेल."

"तू गप ऱ्हव!" म्हणाली आणि लागली घासायला. सगळी तावदानं लख्ख झाली. शेवटच्या एकाचा कोपरा राहिला होता, तो तिने जोर लावून घासला, आणि काच अख्खीच्या अख्खी सुटून खालच्या झुडपात! आवाजसुद्धा नाही.

मंदा वाकून खाली बघायला लागली. "वाट लागली गो..."

आणि जिन्यात सेक्रेटरींच्या चपला वाजल्या.

आले. हात मागे. एकेक तावदान बघत, "हं... हं..." करत त्या मोकळ्या चौकटीसमोर थांबले. मंदाने माझा पदर घट्ट धरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वा! बघा, ह्याला म्हणतात काच पुसणं! बाकीच्या पण मला अशाच पाहिजेत. उद्यापासून या तिघी."

मी देवाला हात जोडले. साहेब जिन्यापर्यंत गेले आणि वळले.

"बाई, त्या काचेला ब्रश कुठला वापरलात हो?"

मंदाने हातातला ब्रश पाठीमागे नेला.

"जरा कडकच होता, साहेब."