भोकं जुळली, दाते नाहीत

निपाणीजवळ जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा तो माणूस. माझ्या जुन्या छोट्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून त्यानं त्याच्याकडच्या दुसऱ्याशेजारी ठेवला आणि डोळे मिटून दोन्हींचे दाते अंगठ्याच्या नखानं मोजले.

"बोल्टची भोकं जुळत्यात अण्णा, दाते न्हाय जुळत. तुमचाच दुरुस्त करा."

ओळखीच्या मेस्त्रीला काम मिळवून द्यायचा डाव असणार, असं मला वाटलं. हट्टानं दुसरा बसवला, माझा त्याच्याकडेच टाकून आलो.

तवंदी घाटात गाडीनं मान टाकली, तेव्हा परत गेलो. माझा मागितला.

"कंग्राळीच्या एकानं न्हेला. बेअरिंग तेवढं बदललं. लई पळतीया म्हणं गाडी."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं.