दाजींसाठी राखलेली ढोली

आमच्या राधानगरीच्या बाजूला थंडी सरल्याचं मी धनेश पक्ष्यावरून ओळखायचो. शिवेवरच्या जुन्या जांभळाखाली उंबराच्या बिया पडलेल्या दिसल्या, की मान वर करायची. ढोलीचं तोंड लिंपलेलं असायचं. आत मादी अंड्यांवर, बाहेर तिच्या चोचीपुरती फट, आणि नर दिवसभर त्या फटीतून तिला उंबरं भरवणार. आत बसल्यावर मादीची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. दरवर्षी ते लिंपण पहिल्यांदा मला दिसायचं आणि मी कुणाला दाखवायचो नाही.

नव्वदच्या दशकात एकदाच दाखवलं, ते दाजींना. ताईचं नवं लग्न, रंगपंचमीला जावई पहिल्यांदाच मुक्कामी आलेले. कोल्हापुरात शाहूपुरीला दुकान, गळ्यात कोरा कॅमेरा.

"पावणं, नुसती चोचच दिसतीया," दाजी म्हणाले. "फोटोत आख्खा पक्षी पायजे की!"

मी बैलांना पाणी दाखवायला वळलो, तेवढ्यात त्यांनी आंबे काढायच्या आकडीनं लिंपण फोडलं. मादी घाबरून बाहेर आली ती सरळ खाली पडली. पंख नुसतेच फडफडत होते. वस्तीवरच्या कुत्र्यानं तिला उचललं. "च्यायला, फोटो हुकला," दाजी एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी तोंड उघडणार, तर आईनं चुलीपुढूनच दटावलं, "जावई हायेत. एक शबुद बोलायचा न्हाय." संध्याकाळी त्याच माणसाला मी तांबडा-पांढरा रस्सा आग्रह करकरून वाढला. प्रत्येक वाटीला मनातल्या मनात शिवी घातली.

नर पुढं कितीतरी दिवस चोचीत उंबर घेऊन येत राहिला. मोकळ्या ढोलीपाशी बसायचा, आत डोकवायचा, उंबर तसंच घेऊन जायचा. ते बघून माझं पक्कं झालं. शब्द बोलायचा नाही ना? नाही बोलणार.

पुढच्या फाल्गुनात मी स्वतः शाहूपुरीला गेलो. "दाजी, यंदा नवी ढोली घावलीया. तुमच्यासाठनं राखून ठेवलीया." दाजी खूश होऊन आले. ओढ्याकाठी खाजकुयलीच्या वेलाखाली मी त्यांना घोंगडं अंथरून दिलं. शेंगा वाळून खडखडीत झालेल्या. त्यांच्यावरची सोनेरी लव अंगावर पडली, की माणूस स्वतःची कातडी सोलायला निघतो. हे दुकानदाराला काय ठाऊक! "हलू नका, पक्षी बुजतोय," असं सांगून मी मागं गेलो आणि वेल धरून चांगला गदागदा हलवला. थोडी लव माझ्याही मानेवर पडली. चालायचंच.

दाजी बोंबलत, शर्ट काढत गावातून पळत सुटले. खाजेवर आमच्याकडं उतारा एकच, शेण. आईनं जावयाला अंगणात बसवून डोक्यापासून पायापर्यंत माखलं. मला मान खाजवताना बघितलं, सगळं ओळखलं आणि म्हणाली, "पाठ ऱ्हायलीया. आन आजून एक पाटी."

"पक्षी कुठाय रं?" दाजी ओरडले.

"त्यो गेल्या साली तुमीच पाडला की, दाजी."

दाजींची खाज दोन दिवसांत उतरली. जांभळाची ढोली अजून उघडीच आहे. फाल्गुन लागला की आधी मी तिथं जाऊन लिंपण दिसतंय का बघतो. दिसत नाही. मग घरी येतो आणि दाजींना आग्रहाचं आमंत्रण धाडतो.