भीमनगरात न विचारलेला प्रश्न

आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याची इंटर्नशिप म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, मोठ्या शहरांतल्या कॉलेजांची मुलं उन्हाळ्याच्या सुटीत दुसऱ्याच्या विहिरीवर येऊन करतात ते काम. पाण्याला वास येतो हे गावाला आधीच माहीत असतं. तेच इंग्रजीत लिहिलं की त्याचा कायदा होतो.

मी भालकीच्या कोर्टातला वकील. पोटगी, वाटणी, मोटार अपघात यांवर माझं घर चालतं. या भानगडीत मी शिरलो, कारण परदेशातल्या एका संस्थेला मराठी, कन्नड आणि दखनी बोलणारा दुभाषा हवा होता आणि मला व्हिजिटिंग कार्डावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द हवा होता. तक्रार दाखल झाली की परदेशातल्या बैठकीला स्थानिक भागीदार म्हणून बोलावू, असं त्यांनी कळवलं होतं. तेवढ्यावर मी कलबुर्गीला जाऊन पासपोर्टची खटपट करून आलो.

हळ्ळीखेडच्या बाजूला एका गावाशेजारी औषधांचा कच्चा माल बनवणारा कारखाना उभा राहिला होता. त्याला एका परदेशी बँकेचं कर्ज होतं. कारखान्याच्या पाण्यानं विहिरी नासल्या, ही गावाची तक्रार थेट त्या बँकेकडं न्यायची होती. त्यासाठी दोन इंटर्न आले, दिल्लीची एक मुलगी आणि बंगळूरचा एक मुलगा. दोघंही हुशार आणि नम्र होते, आणि दोघांनाही गावाचा चहा चालत नव्हता. पाण्याच्या हक्कावर लिहायला आलेली माणसं गाडीतून पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन हिंडत होती, यात आम्हा तिघांपैकी कुणालाच काही खटकलं नाही.

आधी वरच्या गल्लीत गेलो. तिथं माझ्या बायकोच्या मामांचं घर आहे. मुलीनं विचारलं, पाण्याशी तुमचं पारंपरिक नातं काय? मी ते मराठीत सांगितलं.

"नातं?" मामा म्हणाले. "ते काय सोयरं हाय व्हय? सांगा तिला, घागर भरली की वर फेस यायलाय."

मुलीनं फेस लिहून घेतला. मग संस्थेच्या नियमाप्रमाणं तिनं विचारलं, तुमचं नाव कारखान्यापासून गुप्त ठेवायचं का? मी तेही नीट सांगितलं, पदरचे दोन शब्द घालून समजावलं. मामांनी हात जोडले. "नाव नको, जावईबापू. पोरगं तिथंच हिशोबाला हाय." पुढच्या प्रत्येक घरी हेच झालं. दुपारपर्यंत तक्रारी भरपूर मिळाल्या आणि उघड नाव एकही नाही.

मुलगी गाडीत रडकुंडीला आली. एक तरी उघड नाव नसेल तर बँक दखल घेणार नाही, आणि तिची इंटर्नशिप तर संपत आलेली. मी तिला म्हणालो, बघू या, भीमनगर राहिलंय.

भीमनगरातल्या पहिल्याच घरी एक बाई भेटल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांनी जयभीम केला, मी नमस्कार म्हणालो. त्यांचा मुलगा त्याच कारखान्यात ठेकेदाराकडं माल चढवायला जायचा. त्यांनी विहीर दाखवली, मुलीच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली. शेवटी मुलीनं गुप्ततेचं विचारलं. मी मराठीत म्हणालो, "मावशी, नाव टाकायचं ना? बिननावाचा अर्ज कुणी वाचत न्हाई."

"टाका की," त्या म्हणाल्या. "नाव काय चोरीचं हाय?"

मी इंग्रजीत सांगितलं, यांना गुप्तता नको आहे. मुलीचे डोळे भरून आले. किती धीराच्या आहेत, असं त्यांना सांगा म्हणाली. ते मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं.

बँकेनं तक्रार कारखान्याकडं खुलाशासाठी धाडली आणि ठेकेदारानं मावशींच्या मुलाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पुढं कारखान्यानं गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं. ते बसलं वरच्या गल्लीत. मामांच्या पोरानं मावशींच्या मुलाला सांगितलं, आम्हाला विचारलं होतं, आम्ही नको म्हणालो, तुझ्या आईलाही विचारलंच असणार. त्यानं आईचं एक ऐकून घेतलं नाही. तिला नाव छापून आणायची हौस होती, असं म्हणून तो झहीराबादला निघून गेला आणि तिचा फोन घ्यायचा बंद झाला. हे सगळं मला मामांकडून कळत होतं. मी मान हलवायचो आणि जेवायला बसायचो. परदेशातली बैठक शेवटी कॉम्प्युटरवरच झाली.

त्या मुलीला परदेशात नोकरी लागली. यंदा तिचं एक भाषण मी फोनवर ऐकलं. त्यात ती म्हणाली, त्या बाईंनी सगळं समजून-उमजून स्वतःचं नाव पुढं केलं. तेव्हा पहिल्यांदा मी जेवण अर्धं टाकून उठलो. मी तिला खरं ते लिहिलं. लांबच्या माणसाला खरं सांगणं सोपं असतं, म्हणून आधी तिला. तिचं उत्तर आलं, हे फार मोलाचं आहे सर, यावर आपण दोघांच्या नावानं लेख लिहू या. तिला काय हसायचं. असल्याच मोबदल्यासाठी मीही ते काम केलं होतं.

मग मावशींकडं गेलो. त्या शेंगा फोडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला कामून सांगायलाव?" त्या म्हणाल्या. "मला विचारलं न्हवतं, हे मला ठावं हाय. त्याला सांगा जाऊन."

झहीराबादला मुलगा एका सिमेंटच्या गोदामात सापडला. मी उभ्याउभ्याच बोललो. त्यानं डोक्याचं फडकं सोडलं.

"म्हंजी तिला विचारलंच न्हाई?"

"न्हाई."

"वरच्या गल्लीत विचारलं."

"व्हय."

"आमच्यात कामून न्हाई?"

येताना बसमध्ये मी बरीच उत्तरं जुळवली होती, मुदतीची, दबावाची, भाषांतरातल्या अडचणींची. त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. "तिथं माझे पाव्हणे होते," मी म्हणालो. "तुमच्यात माझं कोण होतं?"

त्यानं फडकं मुठीत आवळलं. मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं, तेवढ्यावर माझं भागलं असतं.

"आईला सांगितलाव?"

"सांगितलं. तुला सांगा म्हणाली."

त्यानं खिशातून फोन काढला. मी तिथंच थांबलो. तो काय बोलतो ते मला ऐकायचं होतं.

"तुमी जावा आता," तो म्हणाला.

"लाव की फोन."

"तुमच्यासमोर न्हाई."

मी गोदामाबाहेर आलो. रस्ता ओलांडून वळून बघितलं, तर तो पोत्यांच्या थप्पीमागं गेला होता आणि तिथून काही दिसत नव्हतं.