मृत्यूच्या दाखल्याआधी आलेला पेशंट

लेखन हा माझा प्रांत नव्हे. साठी ओलांडल्यावर हे धाडस करतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मी मूळचा शिरूरचा, यवतला दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर. असल्या गोष्टींवर माझा कधीही विश्वास नव्हता...

गेल्या महिन्यात एका सकाळी कंपनीचा निळा गणवेश घातलेला तरुण आत आला. कपड्यांना केमिकलचा असा दर्प, की माझे डोळे झोंबले.

"डॉक्टर, माझं हृदय तपासून ठिवा. त्याला काय बी झालेलं न्हाई."

स्टेथोस्कोप लावला. काहीच ऐकू येईना. तो बिघडला असे समजून दुसरा घ्यायला वळलो — आणि खोली रिकामी. कंपाउंडर म्हणाला, आत कोणी गेलेच नाही.

थोड्या वेळाने खुटबावचे एक आप्पा आले. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत रात्रपाळी करणारा त्यांचा पुतण्या पहाटे घरी येऊन दारातच कोसळला होता. नव्या नियमाने मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहून नातेवाइकाच्या हाती द्यायचे असते. ते त्यांना हवे होते. बाहेर गाडीत कंपनीला कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस बसलेला.

"हार्ट अटॅक लिवा. बघायला कशाला येताय? मी सांगतोय न्हवं."

सोबत आणलेला उसाचा रस पीत आप्पांनी मोबाईलवर पुतण्याचा फोटो दाखवला. तोच तरुण! घरात प्रेत, आणि यांच्या मिशांना रसाचा फेस...

मी खुटबावला गेलोच. प्रेताला साबण लावून आंघोळ घातलेली. गणवेश आप्पांनी जाळलेला.

"मी नगा धुऊ म्हनत हुते," त्याची बायको म्हणाली. "कुनी ऐकलं न्हाई."

नाकपुड्यांच्या आतली कातडी मात्र भाजलेली होती. मी दाखला नाकारला, पोलिसांना कळवले. दौंडला शवविच्छेदन झाले : हृदय निरोगी, फुप्फुसे विषारी वायूने करपलेली, मृत्यू पहाटेचा.

आता ठेकेदार म्हणतो, तो त्या रात्री कामावर नव्हताच. घरीच कीटकनाशक फवारताना गेला. हजेरीत त्याचे नाव नाही. बायकोचे बोलणे घरचे म्हणून कोणी धरत नाही, आणि तिची भरपाई एवढ्यावरच अडली आहे. उद्या पोलीस कॅमेऱ्यासमोर माझा जबाब घेणार आहेत. मला विचारणार आहेत, त्याच्या अंगावर कंपनीचा गणवेश कोणी पाहिला का?

मी पाहिला. पण तो मेल्यानंतर. हे सांगितले तर माझी सगळीच साक्ष हास्यास्पद ठरेल. न सांगितले तर तिच्या बाजूने बोलणारा कोणीही उरत नाही. याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

उद्या मी काय सांगू?