निळ्या पट्ट्यांचा चौकोन

हे आजवर माझ्या तोंडून कुणापुढे निघालेलं नाही. आमच्या ह्यांना माहीत नाही, मुलींना माहीत नाही, आणि बुधवारच्या बैठकीत ज्यांच्या मांडीला मांडी लावून मी बसते त्या बायकांना — छे, त्यांना तर मुळीच नाही. ह्यांचा एक जुना पायजमा या प्रकरणात गुंतलेला आहे. ते बिचारे अधूनमधून विचारतात, तो निळ्या पट्ट्यांचा पायजमा गेला कुठे गं? मी म्हणते, फाटला. एवढं एक वाक्य मला सफाईने जमतं.

तुम्हाला सांगते. पण एकदम मुद्द्यावर नाही येता येणार मला. आधी बैठकीबद्दल बोलू द्या — त्याबद्दल बोलताना निदान मान वर राहते.

ह्यांची नोकरी संपली आणि आम्ही शहाद्याला येऊन राहिलो. एक मुलगी सुरतेला, दुसरी पुण्याला. घरात माणसं दोन आणि टीव्ही एक, तोही ह्यांच्या ताब्यात. मी नुसती बसून असायची. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही. एके दिवशी दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. अंगाने वाळलेली, पण आवाज असा की अख्ख्या गल्लीने ऐकावा. "काय वं माय, घरमा बशीसन भिंती मोजी ऱ्हायनी का? चाल, ऊठ, सुई ले!" ओळख ना पाळख, आणि ही मला हाताला धरून घेऊन निघाली. त्या इंदूजिजी. दोन गल्ल्यांवर राहतात. नवरा, म्हणजे अण्णा, वारल्यापासून एकट्याच, मुलगा नाशिकला.

बैठक भरते किरणच्या घरी, वरच्या खोलीत. किरण म्हणजे बाजारपेठेतल्या मारवाडी कापडदुकानाची सून. दुकानातली कात्रणं ती पोत्यात भरून आणते आणि मधोमध ओतते, की आम्ही सगळ्या कोंबड्यांसारख्या त्यावर तुटून पडतो. कुणी क्रोशाचे रुमाल विणतं, कुणी मण्यांचं काही करतं, कुणी जुन्या जीन्सच्या पिशव्या. फोनवर कुणाला एखादा व्हिडिओ सापडला की सगळ्याजणी तेच करायला घेतो आणि सगळ्यांचंच बिघडतं! एकदा कागदाच्या लगद्याच्या टोपल्या केल्या होत्या, त्या वाळेपर्यंत अशा चेमटल्या की हसून हसून डोळ्यांत पाणी. एकदा गाडी करून तोरणमाळला गेलो, तर तिथे तळ्याकाठी बसूनही सुयाच काढल्या. इंदूजिजींना घाटात उलट्या झाल्या होत्या, तरी वर पोहोचल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "फुनकास्ना डबा कोठे शे?" फुनके म्हणजे आमच्याकडचे डाळीचे वाफवलेले मुटके.

कसं सांगू तुम्हाला ते सुख? दुपार कशी जायची कळायचं नाही. आपल्या हातून एक वस्तू होते, दुसरी कुणीतरी ती उचलून उलटसुलट बघते, म्हणते, "आवं, भारी व्हयनं!" — बस. आयुष्यभर मी स्वयंपाक केला, मुली वाढवल्या, पण असं उचलून कुणी काही बघितलं नव्हतं. ते मला मिळालं, आणि ते मिळवून दिलं इंदूजिजींनी. हे ध्यानात ठेवा.

आमची एक पद्धत आहे. कुणाच्या घरी बाळ झालं की सगळ्यांनी मिळून गोधडी करायची. प्रत्येकीने आपल्या घरातल्या, अंगावर वापरलेल्या कापडाचा एक चौकोन धावदोऱ्याने भरून आणायचा. विकतचं कापड चालत नाही. आणि एकीच्या टाक्याला दुसरीने हात लावायचा नाही. वाकडा असो, तिकडा असो — ज्याचा टाका त्याचा. सुरुवातीला कुणीतरी कुणाचं तरी उसवून नीट केलं होतं आणि दोघींचं बोलणं बंद पडलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. मीही मोठ्या आवाजात त्याला हो म्हटलं होतं.

सगळे चौकोन जोडून, अस्तर लावून, काठ घालायचं काम माझ्याकडे असतं. माझा हात साफ आहे. हे मी नाही, सगळ्या म्हणतात. दुसऱ्याच्या घरी भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तरी मला चहा गोड लागत नाही, अशी मी. ह्यांनी किती वेळा हात जोडले असतील माझ्या या स्वभावापुढे.

टाळतेय मी. कळतंय मला.

किरणला बाळ झालं. कितीतरी वर्षं वाट बघून झालं. आम्हा सगळ्यांना वेड लागायची पाळी आली होती आनंदाने. त्याच सुमाराला नंदुरबारला बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. ठरलं, की गोधडी आधी तिथे मांडायची, मग बारशाला द्यायची. नंदुरबारला माझी नणंद असते. ती मला कायम "चिंध्यावाली वहिनी" म्हणते. चार माणसांत म्हणते. ती येणार होती प्रदर्शनाला. तेव्हा माझ्या मनात गोधडी कुणासाठी होती — बाळासाठी की नणंदेसाठी? तुम्हीच ओळखा.

इंदूजिजींनी आपला चौकोन सगळ्यांत शेवटी आणला. अण्णांच्या सदऱ्याचा होता. निळ्या बारीक पट्ट्यांचा सदरा, अण्णा गेल्यापासून पेटीत घडी करून ठेवलेला. त्याची पाठ कापून त्यांनी चौकोन केला. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "बाळले त्यास्नी ऊब भेटी." त्यांचे हात तेव्हा कापायचे. पूर्वी नव्हते कापत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला.

मी घरी जमिनीवर सगळे चौकोन मांडले. काय सांगू! बाकीचे एकापेक्षा एक, आणि मधे तो. टाका कुठे हाताएवढा, कुठे दिसतच नाही. दोरा कुठे ओढून कापड गोळा झालेलं. एका कोपऱ्यात मोहरीएवढा रक्ताचा डाग, सुई टोचली असणार. मी तो चौकोन कडेला ठेवून बघितला. खाली ठेवून बघितला. कुठेही ठेवला तरी नजर तिथेच जायची.

आणि मग मी उठले, कपाट उघडलं, आणि ह्यांचा पायजमा काढला. तसेच निळे पट्टे. भरदुपारी, शांतपणे, रेडिओ ऐकत ऐकत मी त्यातून चौकोन कापला आणि भरला. एखाद-दुसरा टाका वाकडा घालावा असं मनात आलं होतं, म्हणजे शंका यायला नको. हात तयार होईना. ओळीत एकसारखे टाके घातले आणि गोधडी जोडून टाकली. माझं मन मला खात होतं का? नाही. खोटं कशाला बोलू? गोधडी पसरून बघितली तेव्हा मला बरं वाटलं.

नणंद आली, वाहवा केली, गोधडीसोबत फोटो काढून घेतले. ते सगळं झालं.

बारशाला गोधडी पाळण्याजवळ पसरली. एकेक जणी आपला चौकोन शोधून बाळाच्या आजीला दाखवत होती. इंदूजिजी वाकल्या, अगदी नाक टेकेल इतक्या जवळ. आता ओळखतील. नवऱ्याचा सदरा बाई ओळखणार नाही?

त्यांनी पट्ट्यांवर तळहात ठेवला. बोटं टाक्यांवरून फिरवली, परत फिरवली. आणि ओरडल्याच — "दखा वं दखा, मन्हा टाका! हात कापस, तरी कसा सरळ उना!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किरण त्यांच्या पाया पडली. जिजींनी त्या चौकोनाला गाल लावला, डोळे मिटले आणि हळूच काहीतरी बोलल्या. अण्णांशीच बोलत असणार.

आणि मला — हे सांगताना मला माझी किळस येते — मला हसू आलं. ह्यांच्या पायजम्याला गाल लावलाय म्हातारीने, हे मनात आलं आणि मला खरंच हसू आलं. पदर तोंडाला लावला. शेजारणीला वाटलं, मी रडतेय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्यांचा खरा चौकोन परत द्यायचा असं मी ठरवलं होतं. काहीतरी निमित्त करून त्यांच्या पेटीत सरकवून द्यायचा. पण आमच्यासारख्यांच्या घरात कापडाचा तुकडा बाहेर राहत नाही, चिंध्यांच्या पिशवीत जातो. तोही गेला. पुढे एकदा शिलाई मशीनला तेल घातलं, पिशवीत हात घातला, हाताला लागली ती चिंधी घेतली आणि मशीन पुसलं. पुसून झाल्यावर बघितलं. काळ्या तेलात निळे पट्टे. धुतलं हो मी, सोड्यात भिजत घातलं, घासलं. नाही गेलं ते. शेवटी कचऱ्यात टाकलं आणि घंटागाडी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत खिडकीत उभी राहिले.

इथेच संपलं असतं तर कदाचित मी विसरले असते. माणूस विसरतो.

पण इंदूजिजींना हुरूप आला. आपला हात अजून चालतो म्हटल्यावर त्यांनी अण्णांची पेटी काढली. धोतरं, सदरे, स्वेटरखाली घालायची बंडी — इतकी वर्षं कुणाला हात लावू न दिलेले कपडे. सगळे कापले. नाशिकच्या नातवासाठी अख्खी गोधडी करायची, एकटीने. कापायच्या आधी मला सांगायला आल्या होत्या. केवढ्या खुशीत होत्या! तेव्हा बोलायचं होतं मी. कात्री लागायच्या आधी. नुसतं "जिजी, थांबा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं, "करा ना, छान होईल."

छान कुठून होणार? तुकडे घेऊन त्या माझ्याकडे यायला लागल्या. "वहिनी, तो चौकोन कसा सरळ उना व्हता. आते काय व्हयनं?" मी म्हटलं, दोरा हलका असेल. त्यांनी दोरा बदलला. मग मी म्हटलं, सुई जाड घ्या. मग चष्म्याचा नंबर. दरवेळी मी एक नवीन थाप दिली आणि दरवेळी त्या मान हलवून, खरं मानून घरी गेल्या. बोटांना चिकटपट्ट्या. शिवायचं, उसवायचं, परत शिवायचं. कापड विरायला लागलं होतं.

मग त्या बैठकीला यायच्या बंद झाल्या.

किरण म्हणाली, तुम्ही जाऊन या, तुमचं ऐकतात त्या. मी गेले. कापलेले तुकडे एका लुगड्यात बांधून कोनाड्यात ठेवले होते. रागावल्या नव्हत्या माझ्यावर, उलट चहा टाकला. मी म्हटलं, जिजी, या ना परत, वाकडं झालं तर झालं, कोण विचारतंय? त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी आल्याचा त्यांना आनंद झाला होता, पण बघितलं नाही.

म्हणाल्या, "तसं नही वं. तवय अण्णा मन्हासंगे व्हतात. मन्हा हात धरीसन त्यास्नीच तो टाका घाला व्हता, तवय म्हनीसन सरळ उना. मी कितला हाका मारात, माय. आते त्या बी निंघी गयात."

त्यांचे हात मांडीवर होते. कापत होते.

मी समोर बसले होते. तो टाका माझा होता. अण्णा कुठे आले नव्हते आणि कुठे गेले नव्हते. एवढंच सांगायचं होतं, घरात आम्ही दोघीच होतो. मी सांगितलं नाही. चहा प्यायले, कप विसळून ठेवला, येते म्हटलं आणि घरी आले.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलेली नाही. परवा किरणच्या जावेला दिवस गेल्याची बातमी आली, आणि चौकोन जोडायचं काम सगळ्यांनी माझ्याकडेच दिलं. मी हो म्हटलं.