पिचरच्या आधी माझा खो

नातीला पळायला मीच शिकवलं, आमच्या अंगणात, वाळत घातलेल्या हळदीच्या कडेनं. शाळेत मी खो-खो खेळायचे, मला दुसरं येतं तरी काय? ती माझ्याकडं पाठ करून बसायची, मी मागून "खो" म्हणलं की सुटायची. कान इतका तयार झाला की चुलीपासून गमतीनं म्हणलं तरी ताटावरून उठायची. हसून हसून पुरेवाट व्हायची आमची.

यंदा तिला शाळेच्या सॉफ्टबॉल संघात घेतलं, राखीव म्हणून. हिंगोलीला जिल्ह्याचा शेवटचा सामना होता. जिंकल्या तर पोरी विभागाच्या सामन्यांना जाणार. बाळापूरहून मीही एसटीत बसले. वाटेत तिनं मला नियम समजावले.

"आजी, बेसबॉलमधी आधीच बेस सोडून पुढं सरकता येतं. आमच्यात न्हाई. बॉल टाकती ती पिचर. तिच्या हातून बॉल सुटला की मगच पाय काढायचा. आधी काढला की आऊट."

"व्हय गं, कळलं," म्हणलं मी, आणि चिवड्याची पुडी सोडली.

शेवटचा डाव. आमच्या दोन पोरी बाद, तिसरी झाली की खेळ खलास, आणि आम्ही एका धावेनं मागं. सगळ्यात भारी पोरीनं बॉल मारला, पहिला बेस गाठला अन् तिथंच पाय मुरगळून बसली. सरांनी तिच्या जागी पळायला नातीला धाडलं. तो बेस दोरीपलीकडं, बराबर माझ्यापुढं. नात वाकून उभी राहिली, पाठ माझ्याकडं. पिचर बॉल घेऊन तयारीत उभी. मला कसलं भान राहिलं नाही बघा. तोंडातून निघूनच गेलं, "खो!"

पोरगी सुटली. बॉल अजून पिचरच्या हातातच. पंचांनी तिला बाद दिलं, सामना संपला.

"एवढी घाई होती तर एसटीनंच जायचं दुसऱ्या बेसला!" एक पोरगी फणकारली.

"काहून पळालीस गं?" सरांनी विचारलं.

"माझाच पाय निघाला, सर."

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला दोरीखालून जाताना पदर सावरेना.

"सर, तिचं काही चुकलं न्हाई. मी मागून खो दिला."

सर कपाळाला हात लावून हसले, ते रागावण्यापेक्षा वाईट. पाय मुरगळलेली पोरगी बर्फ धरून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

डेपोत नात हळूच म्हणाली, "कशाला सांगितलंस? मी चुकले म्हणून सगळे दोन दिवस बोलले असते. आता वर्षभर म्हणतील, हिला आजी पळवती."

एसटीत ती पुढं जाऊन बसली. तिच्या शेजारची जागा मोकळी होती. मी मागंच बसले.