डिझेलमध्ये रॉकेल

डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं हा गुन्हा आहे, हे मला धड वाचता येत नव्हतं तेव्हापासून माहीत होतं. आमच्या तालुक्याच्या गावी एका पंपावर रेशनचं रॉकेल डिझेलमध्ये घालून विकायचे. बाबा आणि त्यांच्या कामगार संघटनेची माणसं वर्षभर त्याविरुद्ध पत्रकं काढत होती. शाई ओली असतानाच गठ्ठे आमच्या घरी यायचे आणि घड्या घालायचं काम माझं असायचं. मागणी क्रमांक एक: भेसळखोरांवर गुन्हे दाखल करा. मुळाक्षरांनंतर मी वाचलेलं पहिलं सलग वाक्य बहुधा हेच असावं.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी, कॅनडात कॅल्गरीपासून दीड तासावरच्या एका फार्मवर, मालकाने मला जे सांगितलं ते ऐकून मी सुन्न झाले. तो बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन दोन दिवस शहरात निघाला होता. पिकअपमध्ये बसता बसता म्हणाला, "ट्रॅक्टर भरशील तेव्हा दोन कॅन डिझेलला एक कॅन रॉकेल घाल. निळे कॅन शेडमध्ये आहेत." चहात साखर घाल म्हणावं इतक्या सहज.

मी त्याच्याकडे पाच महिने काम करत होते. कॉलेजचा शेतीचा डिप्लोमा झाला होता, वर्क परमिट होतं, आणि पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहण्यासाठी, अप्लाय करायला मला त्याच्या सहीचं पत्र लागणार होतं. पन्नासेक गाभण गाई, एक जुना ट्रॅक्टर, ते दोघं नवराबायको आणि मी. बाहेरचं माणूस यायचं ते फक्त डिझेलचा टँकर घेऊन येणारा पंजाबी ड्रायव्हर. तो माझ्याशी हिंदीत बोलायचा, मला दीदी म्हणायचा, आणि दर वेळी विचारायचा की ह्या गाईंना इतक्या थंडीत बाहेर का ठेवतात.

मालक गेल्यावर मी बाबांना फोन लावला.

"रॉकेल?" बाबा म्हणाले. "तिथेसुद्धा?"

"इथेसुद्धा."

"मग तुझा मालक काय वेगळा निघाला? इतके दिवस तर कौतुक चाललं होतं, मला बरोबर टेबलावर जेवायला बसवतो म्हणून."

"आता काय करू?"

"घालू नकोस. आणि घालणार नाही असं त्याला तोंडावर सांग. का नाही ते पण सांग."

आई मागून म्हणाली, "अहो, तिचं पत्र व्हायचंय अजून."

"पत्राचं नंतर बघू," बाबा म्हणाले.

मी बाबांच्या सांगण्यातला पहिला भाग पाळला. ट्रॅक्टरची टाकी नुसत्या डिझेलने काठोकाठ भरली आणि निळ्या कॅनना हात लावला नाही. दुसरा भाग पत्र हातात पडल्यावर पाळायचा, असं मनाशी ठरवलं. त्या दिवशी मला स्वतःचा जरा अभिमानही वाटला होता, हे लिहायला आता लाज वाटते.

सोमवारी सकाळी उणे अठरा होतं. ट्रॅक्टर नीट चालला, मी गाईंना गवत घातलं. संध्याकाळी ते दोघं परत आले. मालकाने विचारलं, "टाकी भरलीस?" मी म्हणाले, "भरली." मी खोटं बोलले नव्हते.

मंगळवारी सकाळी उणे चौतीस. ह्या थंडीत श्वास आत घेतला की नाकातले केस कडक होतात. ट्रॅक्टरचं इंजिन रात्रभर विजेच्या हीटरवर होतं, त्यामुळे तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. मी गवताच्या गठ्ठ्यांकडे निघाले. एकेक गोल गठ्ठा एवढा जड की ट्रॅक्टरच्या पुढच्या काट्यांशिवाय तो हलतही नाही. अंगण ओलांडेपर्यंत इंजिनचा आवाज खोल गेला, त्याने दोनदा आचके दिले आणि ट्रॅक्टर फाटकाजवळ बंद पडला. गाई कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी आदल्या सकाळनंतर काही खाल्लं नव्हतं.

मालक आला. त्याने कुठलीही घाई केली नाही, आणि तेच मला भयंकर वाटलं.

"सुरू होतोय, म्हणजे बॅटरी ठीक. सुरू होऊन मरतोय, म्हणजे डिझेल येतंय, पण पुरेसं येत नाही." त्याने टाकीचं झाकण उघडलं. झाकणातल्या बारीक भोकात बर्फ अडकला तर टाकीत हवा जात नाही आणि डिझेल खाली उतरत नाही, म्हणून. भोक मोकळं होतं. मग डिझेल पुढे ढकलायचा इंजिनवरचा छोटा हातपंप दाबून पाहिला. तो दाबला जाईना. मग त्याने वाकून फिल्टरखालची काचेची वाटी सोडवली आणि माझ्या हातात दिली.

इथे शेतीच्या डिझेलमध्ये लाल रंग घातलेला असतो. एरवी ते सरबतासारखं आरपार दिसतं. वाटीत होतं ते गुलाबी, गढूळ आणि घट्ट. डिसेंबरात आमच्याकडे बाटलीतलं खोबरेल तेल गोठतं, अगदी तसं. मी वाटी उलटी केली. काही सांडलं नाही.

"डिझेलमध्ये मेण असतं," मालक म्हणाला. "थंडीत ते असं बसतं आणि फिल्टर बुजवतं. रॉकेल गोठत नाही, म्हणून तर ते मिसळायचं." मग तो थांबला. "पण आपण मिसळलं होतं."

मी वाटीकडे पाहत राहिले. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीला एकच नाव दिलं होतं, तिला दुसरं नाव असू शकतं हे माझ्या डोक्यात शिरत होतं, पण जिभेवर येत नव्हतं.

तो स्वतःशी हिशोब करत बोलू लागला. ट्रॅक्टर जिच्यातून भरायचा त्या अंगणातल्या मोठ्या टाकीत निम्मं डिझेल उन्हाळ्यातलं उरलेलं होतं. वरचं निम्मं गेल्या आठवड्यात टँकरवाल्याने भरलं, थंडीत न गोठणारं हिवाळी डिझेल म्हणून. उन्हाळीवाल्यासाठीच रॉकेल घालायला सांगितलं होतं. रॉकेल घालूनही गोठलं, ह्याचा अर्थ टँकरवाल्याने हिवाळी म्हणून उन्हाळीच आणून ओतलं.

त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला आणि फोन काढला. डिझेल कंपनीच्या ऑफिसला सांगितलं की तुमच्या माणसाने मला चुकीचं डिझेल दिलंय, माझी गुरं उपाशी उभी आहेत आणि ह्याचा जाब मला आजच्या आज हवाय. मी दोन हातांवर होते. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. मी बोलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते पत्र होतं, सही न झालेलं.

"चल," तो म्हणाला. "उजेड जायच्या आत ह्यांच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. भरल्या पोटाची गाय ही थंडी काढते. रिकाम्या पोटाची काढेलच असं नाही, आणि पोटातलं वासरू तर नाहीच." त्याने शेजाऱ्याकडे ट्रॅक्टर मागून पाहिला होता, पण त्याचेही दोन ट्रॅक्टर बंद होते.

मालकीणबाई घरातून नवा फिल्टर घेऊन आल्या. तो त्यांनी कोटाच्या आत, पोटाशी धरला होता. दुसऱ्या काखेत पलंगावरचं विजेचं ब्लँकेट होतं. "चाळीस वर्षांत ह्याने माझ्यासाठी घेतलेली एकमेव चांगली वस्तू," त्या म्हणाल्या, "आणि ती पांघरायची ट्रॅक्टरने." ब्लँकेट टाकीभोवती गुंडाळलं, वरून ताडपत्री टाकली, शेडमधून वायर ओढली, ताडपत्रीखाली एक छोटा हीटर सोडला. पेटती ज्योत जवळ आणायची नाही, हे मालकाने मला दोनदा बजावलं.

मेण विरघळायला तास लागणार होते. तोवर मालकीणबाई आणि मी प्लास्टिकची घसरगाडी घेऊन निघालो, बर्फात मुलं खेळतात तशी. गठ्ठ्यांचं गवत हातातल्या काट्याने उपसायचं, गाडीवर रचायचं, कुंपणापर्यंत ओढत न्यायचं. एक खेप म्हणजे चार गाईंचे चार घास. पुढच्या रेटून खायच्या, मागच्या नुसत्या बघायच्या. एका गाईच्या कानाची टोकं पांढरी पडली होती. तिसऱ्या की चौथ्या खेपेनंतर मालकीणबाई वाकून दम घेत म्हणाल्या, "तो पंजाबी मुलगा असं करेल वाटत नाही. गेल्या वर्षी माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून गेला होता, न सांगता."

मी घसरगाडी तिथेच टाकली आणि ताडपत्रीकडे गेले.

मालक खाली वाकून नवा फिल्टर निळ्या कॅनमधल्या रॉकेलने भरत होता.

"मी रॉकेल घातलं नव्हतं," मी म्हणाले.

त्याने फिल्टर हलू दिला नाही. "परत सांग."

मी परत सांगितलं. का ते पण सांगितलं. पंप, रेशन, बाबा, पत्रकं, सगळं इंग्रजीत आणि सगळं चुकीच्या क्रमाने. आमच्याकडे रॉकेल स्वस्त असतं, म्हणून चोर ते डिझेलमध्ये घालतात, असंही सांगितलं.

"इथे ते डिझेलपेक्षा महाग आहे," तो म्हणाला. "महाग वस्तू स्वस्तात मिसळून कोण कोणाला लुबाडतं? आणि ट्रॅक्टर माझाच आहे. मी कोणाला फसवत होतो?"

हा प्रश्न मला रविवारी पडायला हवा होता. कोणालाही पडला असता. मी फक्त मालक हा शब्द ऐकला होता आणि रॉकेल हा शब्द ऐकला होता.

"पाच महिने," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पाच महिने तू आमच्याकडे जेवतेस. मी चोर आहे असं वाटल्यावर विचारावंसं नाही वाटलं?"

"पत्राची भीती वाटली."

त्याने फिल्टर जागेवर फिरवून घट्ट बसवला. मग म्हणाला, "टाकीत एक कॅन ओत. हळू."

तीनच्या सुमाराला हातपंप मऊ झाला. आधी फेस आला, मग लाल धार. ट्रॅक्टर सुरू झाला, पांढरा धूर ओकला, अडखळला, पण बंद पडला नाही. मालकाने त्याला वीस मिनिटं जागच्या जागी चालू ठेवला आणि मग स्वतःच गठ्ठ्यांकडे नेला, मला चालवू दिला नाही. गवत पडलं तशा गाई तुटून पडल्या. पांढऱ्या कानाची मागे राहिली होती. मालकीणबाईंनी तिला एकटीला वेगळं घातलं.

मग मालक खाली उतरला, डिझेल कंपनीच्या ऑफिसला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "आता सांग."

ऑफिसमधल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे ड्रायव्हरचा नंबर दिला. मी लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

"भाईसाब, गलती मेरी थी," मी म्हणाले. "आपका डीज़ल ठीक था."

"पता है दीदी, ठीक था," तो म्हणाला. "नमूना निकाल के दिखा दिया."

सकाळच्या फोननंतर त्याला अर्ध्या फेरीतून परत बोलावलं होतं. टँकरच्या प्रत्येक कप्प्यातून नमुने काढायला लावले होते, उघड्यावर, उणे चौतीसमध्ये. हातमोजे डिझेलने भिजले. भिजलेल्या हातमोज्यात बोटं फार टिकत नाहीत. दोन बोटं पांढरी पडली होती. तो गावातल्या क्लिनिकमध्ये बसला होता.

"गलती थी तो सुबह बोल देते," तो म्हणाला. "सुबह बोलने में क्या जाता था?"

माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. कामगाराच्या बाजूने बोलायचं असं मी आयुष्यभर शिकले होते. पहिल्यांदाच माझ्यावर वेळ आली, तेव्हा मी एका कामगाराला थंडीत उभं केलं होतं, आणि तेही गप्प बसून.

मालकाने विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं. तो पिकअपकडे गेला, आत बसला आणि माझ्या बाजूचं दार आतून ढकलून उघडलं.

"फोन मी केला होता," तो म्हणाला. "दोघांनी जायचं."

क्लिनिकमध्ये ड्रायव्हर खुर्चीत बसला होता, उजवा हात कोमट पाण्याच्या टबात. मालकाला आत येताना पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. हात टबातून बाहेर आला. कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं आणि दोन बोटं मेणासारखी दिसत होती. गिऱ्हाईक आलं म्हणून तो उठला होता.

"बस," मालक इंग्रजीत म्हणाला. "प्लीज, बस."

"बैठिए," मी म्हणाले. "हाथ पानी में रखिए. आपके ऑफ़िस में मैंने बता दिया है, लिख के भी दूँगी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मालकाकडे. हसायचा प्रयत्न केला. "नहीं नहीं, ठीक है जी," असं तो मालकालाच म्हणत राहिला, आणि मालक खाली बसेपर्यंत तो बसला नाही.